कर्नल हेडर्स टाकूनही वायफाय ड्रायव्हर बिल्ड होत नाही

साखळीकर:
मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयातल्या डेस्कटॉपवर उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, यूएसबी वायफाय डोंगल लावलाय, त्याचा ड्रायव्हर सोर्स घेऊन मेक मारून (बिल्ड करायची कमांड) बसवलेला. बरेच महिने अपडेट नव्हतं, आता घेतलं तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.८ आला आणि वायफाय गेलं. परत मेक मारलं, आधी बिल्ड फोल्डरच नाही म्हणाला, मग हेडर्स, म्हणजे त्या कर्नलसाठी ड्रायव्हर बिल्ड करायला लागणाऱ्या फाईल्स, टाकले (नेट मोबाईलवरून यूएसबी टेदरिंगने घेतलं), आता शेवटी फक्त 'एरर २' येतो. चवथीची सुट्टी संपली की मुलं फॉर्म भरायला येणार. ड्रायव्हरच बदलू का?

म्हापसेकर:
ड्रायव्हर नको बदलू रे. एरर २ म्हणजे मेक थांबला एवढंच, कशामुळे ते वर असतं. एकदम पहिली वॉर्निंग आणि पहिला एरर टाक इथे.

साखळीकर:
वॉर्निंग आहे की कर्नल ज्या कंपायलरने बनवला तो वेगळा, त्यात जीसीसी-१२ (जीसीसी म्हणजे सोर्स कंपाइल करणारा प्रोग्रॅम) लिहिलंय. मग 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन -एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो'.

म्हापसेकर:
हेच ते. तुझा कर्नल जीसीसी १२ ने बिल्ड झालाय आणि २२.०४ चा डिफॉल्ट जीसीसी ११ आहे, त्याला हा ऑप्शन माहीतच नाही, तो १२ मध्ये आला. म्हणजे हेडर्स बरोबर आहेत, कंपायलर कमी पडतोय. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२' कर, मग मेक क्लीन, मग 'मेक सीसी=जीसीसी-१२'. सिस्टीमचा डिफॉल्ट जीसीसी बदलायला जाऊ नको, लोक नेटवर सांगतात तसं, उगाच दुसरं काहीतरी बिघडतं.

डिचोलीकर:
आणि हे झाल्यावर 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' हे पॅकेज नक्की टाका, म्हणजे पुढचा कर्नल आला की त्याचे हेडर्स आपोआप येतील. ड्रायव्हर डीकेएमएसमध्ये घाला (नवा कर्नल आला की ते ड्रायव्हर आपोआप परत बिल्ड करतं), सोर्समध्ये डीकेएमएस डॉट कॉन्फ फाईल असेल तर सोपं आहे, नाहीतर दर कर्नलला कुणीतरी बसून मेक मारायचं आणि वाचनालयात ते कोण करणार? सिक्युअर बूट (साइन नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूल, म्हणजे तयार झालेला ड्रायव्हर, बिल्ड होऊनही लोड होणार नाही, 'की वॉज रिजेक्टेड' असं काही दिसलं तर मॉड्यूल साइन करावा लागेल, परत बिल्डच्या मागे लागू नका.

साखळीकर:
झालं! सिक्युअर बूट बंदच होतं, मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करायची कमांड) केल्यावर लगेच नेटवर्क दिसायला लागली. हेडर्सचं पॅकेज पण टाकलं, डीकेएमएस डॉट कॉन्फ आहे सोर्समध्ये, ते उद्या करतो. दोघांनाही देव बरे करो.