मदत हवी आहे: "सगळं तर मॅपवर आहे, मग शोधायचं काय?" म्हणणाऱ्या मुलाला काय द्यावं?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला असतो, मुलगा आठ वर्षांचा. शाळेतून शोधप्रवाशांवर प्रोजेक्ट आलाय. स्टेशनरीच्या दुकानातून चार्ट आणला, चित्रं कापली, चिकटवली, कोलंबस १४९२, वास्को द गामा १४९८, झालं. पण चिरंजीव म्हणतात की आता सगळं मोबाईलवर दिसतं म्हणजे हे काम संपलं ना, मग मी कशाला शिकू?

चार्टवर मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा केली असं छापलंय. तो तर १५२१ लाच फिलिपिन्समध्ये लढाईत मारला गेला, जहाज परत आणलं एल्कानोने १५२२ मध्ये, तेही जेमतेम अठरा माणसांनिशी. हे ऐकल्यावर मात्र कान टवकारले, लगेच पेन घेऊन चार्ट दुरुस्त करायला बसला!

मग त्याला नैनसिंग रावत सांगितले. कुमाऊंचे शाळामास्तर, १८६५ मध्ये गुपचूप नकाशासाठी मोजणी करायला वेश बदलून तिबेटला निघाले आणि ल्हासापर्यंत पावलं मोजत गेले, जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा, आणि नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले. झालं, आजीची माळ पळवली, आठ मणी दोऱ्याने बांधून बाजूला केले आणि घर ते गंगापूर रोडचा भाजीवाला असं मोजणं सुरू. मधे कुत्रं भुंकलं की आकडा विसरतो आणि परत घरापासून सुरू करायचं म्हणतो, भाजी राहते बाजूला.

आता माझ्या शंका. नासर्डी नदी रोज पुलावरून दिसते पण ती येते कुठून हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही, तर टाकळीच्या संगमापासून उलटं वर जात तिचा नकाशा त्याच्याकडून काढून घ्यावा असं डोक्यात आहे. लहान पोराला घेऊन काठाने कुठपर्यंत जाता येतं? आणि कोलंबसने तिथल्या लोकांना गुलाम केलं हे या वयात सांगायचं का? मला लपवायला आवडत नाही, पण रात्री झोपताना प्रश्न सुरू होतात हो.

प्रतिसाद:
ताई, पूर्ण काठ धरून जायच्या फंदात पडू नका, मधे गाळ आणि कचरा आहे आणि पावसाळ्यात तर अजिबात नको. पूल ते पूल करा, प्रत्येक पुलावर थांबून पाणी कुठल्या बाजूने येतंय एवढंच वहीत काढायचं, मधलं रिक्षाने. कोलंबसचं सांगाच, फक्त दिवसाउजेडी सांगा.

अजून एक, नैनसिंगांनी ल्हासाची उंची पाणी उकळून काढली होती. जितकं उंच जाल तितकं कमी तापमानाला पाणी उकळतं, ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक डिग्री. नाशिक साधारण ६०० मीटरवर, म्हणजे घरी ९८ च्या आसपास यायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, तापाचा नको, तो फुटेल. मग सप्तशृंगी गडावर गेलात की एखाद्या चहावाल्याला विनंती करून परत बघा, दूध-साखर पडायच्या आत.

धागाकर्ती:
दादा हे भारीए! थर्मामीटर मेन रोडला मिळेल का, की ऑनलाईनच मागवू? प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय.