काल रात्रीचा वास कोणाकडून?

सी-५०३ वहिनी: काल नऊच्या सुमारास पाचव्या मजल्यावर आगरी मसाल्याचा वास कोणाकडून येत होता? आमचा पोरगा ताटातली भेंडी बघून रडायचाच बाकी होता

सी-५०४: आमच्याकडून वहिनी, सॉरी. कोळंबी माकुलचा (स्क्विडचा) पास्ता, क्रीमवाला

सी-५०३ वहिनी: परत? मागच्या बुधवारी फसलेला ना

सी-५०४: अहो मागच्या वेळी क्रीम फाटलं, वर गुठळ्या खाली पाणी, पनीर करायला घेतल्यासारखं. या वेळी जमलं. नेरूळला उतरायलाच पावणेआठ झाले, कोळंबी सकाळी हिने दिवाळे गावातून आणून साफ करून ठेवलेली म्हणून शक्य झालं नाहीतर पाठीतला काळा दोरा काढण्यातच नऊ वाजले असते

बी-७०१ दादा: रेसिपी टाक रे नीट

सी-५०४: चौघांना ३०० ग्रॅम पेने, ३ लिटर पाणी, पोह्याचे दोन चमचे मीठ. पाकिटावर ११ मिनिटं लिहिलंय तर ९ ला काढायचा आणि ते पाणी सगळं ओतू नका, दोन वाट्या ठेवा, त्यातल्या स्टार्चनेच सॉस पास्त्याला धरतो. अर्धा किलो कोळंबीला हळद, मीठ, दीड चमचा मसाला (मुलं असतील तर एकच). तवा कडक तापवून एका बाजूने मिनिटभर, दुसऱ्या बाजूने मिनिटभर, की बाहेर. इंग्रजी सी सारखी वळली की झाली, ओ सारखी गोल झाली म्हणजे रबर. माकुलच्या रिंगा पण दीड दोन मिनिटं, बस. त्याच तव्यात बटर, ठेचलेला लसूण, कांदा, एक टोमॅटो तेल सुटेपर्यंत, मग पास्ता, ते पाणी, गॅस अगदी मंद आणि सगळ्यात शेवटी २०० मिलीचं क्रीम. आपल्याकडच्या टेट्रापॅकमधे फॅट २५ टक्क्यांच्या आसपास असतं, टोमॅटोबरोबर खळखळ उकळलं की फाटतंच, मागच्या वेळी मी नेमकं तेच केलेलं. कोळंबी गॅस बंद केल्यावर परत टाकायची

ए-२०२ काकू: एवढं मोठं लिहिलंस बाळा पण नारळाच्या दुधाचं कालवण कधी खळखळ उकळतो का आपण? दूध घातलं की गॅस बारीक आणि डाव फिरवत राहायचा. तुझ्या क्रीमचं तेच. आणि डोकी नि सालं टाकून दिलीस ना? खरी चव तिथे असते. थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतायची, दीड दोन पेले पाणी, १५ मिनिटं उकळून गाळून घे आणि पास्त्याच्या पाण्याबरोबर ते घाल

सी-५०४: काकू 🙏 हे सुचलंच नाही, पुढच्या वेळी नक्की

बी-७०१ दादा: वरून चीज किती?

ए-६०४ ताई: नको. इटलीत माशाच्या पास्त्यावर चीज घालत नाहीत

बी-७०१ दादा: इटलीत आगरी मसाला पण घालत नाहीत ताई

ए-६०४ ताई: 😂 घाला मग. पण चीजचं मीठ, पास्त्याच्या पाण्याचं मीठ, कोळंबीला लावलेलं मीठ, चाखत चाखत घाला. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, तेव्हा फ्रोजन कोळंबी घ्याल तर आदल्या रात्री फ्रीजमधे खाली काढून ठेवा आणि कपड्याने कोरडी करा, ओली टाकली की तव्यात पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी उकडते

सेक्रेटरी काका: रेसिपी छान आहे. सी विंगच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यापाशी आज सकाळी मांजरांची जनरल बॉडी मीटिंग भरली होती. सालं रात्री डब्यात टाकू नयेत ही विनंती. मागेही सांगितले होते

सी-५०४: सॉरी काका, आमचीच. आता पिशवी बांधून फ्रीजरमधे ठेवतो, सकाळी गाडी आली की देतो

ए-२०२ काकू: सालं उकळून घेतलीस की वास पण कमी येतो हो

सी-५०४: काकू आज परत केला असता पण आज गुरुवार, आई घरात अंडं पण आणू देत नाही. उद्या बघतो

सी-५०३ वहिनी: उद्या किती वाजता पोराला डबा घेऊन पाठवू तेवढं सांग