मदत हवी आहे: कृषी पर्यटन केंद्रासाठी पब्लिक लायबिलिटी विमा नेमका कोणता घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

शिरूर तालुक्यात आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. मी, हे, सासूबाई आणि चार गडीमाणसं मिळून चालवतो. थंडीत हुरडा आणि शाळांच्या सहली, एरवी शनिवार-रविवारी पुण्याहून येणारी कुटुंबं.

गेल्या महिन्यात सहलीतला तिसरीचा एक मुलगा बैलगाडीतून पडला. गाडी सावकाश चालली होती. चाक दगडावर चढलं, हिसका बसला आणि मागे पाय सोडून बसलेलं पोर खाली आलं. मी धावत गेले तर डाव्या हाताने उजवं कोपर धरून बसला होता, उजव्या मुठीत हुरडा तसाच. रडतही नव्हता. कोपराजवळ हाड मोडलं, ऑपरेशन करून तारा घालाव्या लागल्या. बिल आम्ही भरलं. आई-वडील इतके समजूतदार की उलट त्यांनीच मला धीर दिला. पोराचा हात आता बरा आहे.

पण त्या रात्रीपासून माझ्या डोळ्यांसमोर शेततळं येतं. कुंपण आहे, कडेला दोर आणि ट्यूब बांधून ठेवल्यात. तरी ज्याने प्लास्टिक अस्तराचं तळं पाहिलंय त्याला ठाऊक आहे, एकदा आत घसरलं की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. हुरड्याची आगटी आहे. दोनशे माणसांचं जेवण एका चुलीवर होतं, त्यातून कुणाला बाधलं तर? शेत गहाण टाकूनही अशी भरपाई झेपणार नाही.

पाहुण्याला इजा झाली तर आपल्यावर येणारी भरपाई भरून देणाऱ्या या विम्याची चौकशी केली, तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एका एजंटने १९९१च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याची पॉलिसी पुढे केली, म्हणे ‘हीच सक्तीची आहे’. दुसरा म्हणतो, येणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा काढा. आमचे सीए म्हणतात, पालकांकडून हमीपत्र घ्या, फाटकावर ‘अपघातास मालक जबाबदार नाहीत’ अशी पाटी लावा, पुरे. पाटी तर आहेच, पण तिच्यावर माझा भरवसा नाही. कुणी अशी पॉलिसी घेतली असेल तर कृपया सांगा. किती रकमेची घ्यावी? बैलगाडी आणि तळं त्यात धरतात का?

प्रतिसाद:

ताई, बरीच वर्षं जनरल इन्शुरन्समध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो.

१९९१चा कायदा भोपाळच्या वायुगळतीनंतर आला. ठरावीक प्रमाणाबाहेर घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी तो आहे. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्हाला हवी ती ‘नॉन-इंडस्ट्रियल’ पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, हॉटेलं, शाळा, थिएटरं घेतात ती. ती सक्तीची नाही, म्हणून एजंटही आपणहून सांगत नाहीत. अपघात विम्यात पाहुण्याला ठरलेली रक्कम मिळते. उद्या त्याने तुमच्या निष्काळजीपणाबद्दल दावा लावला तर तो दावा आणि वकिलाचा खर्च पेलायला ही पॉलिसी लागते.

पाटीबद्दल तुम्हाला वाटतं ते बरोबर आहे. सूचना म्हणून ती असू द्या, पण पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक आयोगात तेवढ्याने सुटका होत नाही.

प्रपोजल फॉर्ममध्ये बैलगाडी, शेततळं, झोके, आगटी, मुक्काम, सगळं लिहा. हप्ता वाढेल म्हणून एकही गोष्ट लपवू नका, दावा तिथेच अडतो. जेवणातून होणारी बाधा आणि पाण्याशी संबंधित जोखीम बहुधा जादा हप्ता भरून जोडून घ्यावी लागते. ती पॉलिसीच्या कागदावर छापून आली का ते बघा, तोंडी आश्वासनावर राहू नका. एका अपघाताची मर्यादा वेगळी आणि वर्षाची वेगळी असते. दोन्ही सारख्याच (एकास एक) घेतल्यात तर पहिल्याच मोठ्या दाव्यात वर्षाचं संरक्षण संपू शकतं. रक्कम ठरवताना एक माणूस धरू नका, सहलीची पूर्ण बस धरा. तुमची गडीमाणसं यात येत नाहीत, त्यांच्यासाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा.

आणि एक, जे फार थोड्यांना माहीत असतं. पॉलिसी असताना कंपनीला न विचारता बिल भरलं किंवा ‘चूक आमचीच’ असं लिहून दिलं, तर कंपनी हात वर करू शकते. पोराला दवाखान्यात न्यायचंच, त्यात क्षणाचाही विचार नको. पण त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. नूतनीकरणातही खंड पडू देऊ नका. या पॉलिसीत बहुधा दावा कधी दाखल झाला ते बघतात, आणि असे दावे उशिराही येतात.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. कंपनीला न विचारता बिल भरू नये, हे तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. १९९१वाल्या एजंटला आज नाही म्हणून कळवलं, दोन कंपन्यांकडे फॉर्म मागितलेत. गाडीला मागून उंच फळी बसवून घेतली, आता पाय बाहेर सोडून बसताच येत नाही.

एक शंका राहिली. बैल आणि गाडी आमची नाही, शेजारच्या वाडीतले एक काका रोजावर घेऊन येतात. वीस वर्षांचा घरोबा आहे, लिखापढी काही नाही. उद्या गाडीचा अपघात झाला तर ते माझे कामगार धरले जातील की ठेकेदार? दावा त्यांच्यावर गेला तर त्यांना या पॉलिसीत सामावून घेता येतं का? त्यांना उघड्यावर टाकून मला फक्त स्वतःचं संरक्षण नकोय.