वार खाली असणे आणि आधीचे सिझेरियन

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (बाळाला पोषण पुरवणारा, गर्भाशयाला चिकटलेला अवयव, म्हणजे प्लासेंटा) खाली, गर्भाशयाच्या मुखाजवळ दिसली म्हणजे सिझेरियन ठरलेलेच, असे वर एका प्रतिसादात म्हटले आहे, ते मला पटत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग पुढच्या महिन्यांत ताणून वाढतो आणि त्यामुळे वार व गर्भाशयाचे मुख यांतले अंतर बहुतेक स्त्रियांमध्ये आपोआप वाढते. म्हणूनच साधारण 32 व्या आठवड्यात पुन्हा तपासणी करतात. ती योनिमार्गे केल्यास अंतर अधिक अचूक कळते आणि त्याने बाळाला इजा होत नाही. वार मुखापासून 20 मिलिमीटरहून अधिक दूर गेली असेल, तर नैसर्गिक प्रसूतीला सहसा अडचण नसते.

मात्र या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. आधी सिझेरियन झालेले असेल आणि वार पुढच्या बाजूला, खाली, जुन्या टाक्यांवर असेल, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याचा धोका असतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या दुसऱ्या खेपेस असेच होते. डॉक्टरांनी कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करवला आणि रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयातच नाव नोंदवायला सांगितले. सुदैवाने वार रुतलेली नव्हती, पण शस्त्रक्रियेत बराच रक्तस्राव झाला आणि दोन पिशव्या रक्त द्यावे लागले. तेव्हा अहवालात वार खाली असल्याचे लिहिले असेल, तर जुन्या सिझेरियनची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्या, आणि वेदनेशिवाय थोडासाही रक्तस्राव झाला तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.