अख्ख्या प्रदेशाला एकच इशारा: सावधगिरी की नुसतीच भीती?

शंकासुर:
ऐन उन्हाळ्यात इशारा येतो: ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोरदार पाऊस, अचानक पुराची शक्यता’. लागू कुठे? हजारो चौरस किलोमीटरवर. गडगडाटी ढग एकेकटा पाहिला तर जेमतेम ५-१० किमी रुंद, आयुष्य अर्धा ते एक तास. म्हणजे इशारा मिळालेल्या बहुतेकांच्या अंगणात थेंबही पडत नाही. चारदा असं झालं की पाचव्यांदा कोण मान वर करून बघणार? नेमकी जागा सांगता येत नसेल तर ‘पूर’ हा शब्द वापरूच नये. उष्णतेचा इशारा ठीक आहे, ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं.

रडारप्रेमी:
जागा सकाळी सांगता येत नाही, मान्य. जमीन तापून हवा वर चढते, पण वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. ते झाकण कुठे फुटेल हे टेकडीचा उतार, दोन वाऱ्यांची गाठ, आधीच्या ढगातून सुटलेली गार हवा असल्या गोष्टी ठरवतात. फुटलं तर किती बरसू शकेल, याचा अदमास मात्र सकाळीच येतो.

नुसतं तापमान बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव धरू लागेल तो आकडा; तो जितका जास्त तितकं हवेत बाष्प जास्त. ३८ अंशाला दवबिंदू १० असेल तर सर वाटेतच सुकते, खाली पोचतो तो धुळीचा सोसाट्याचा वारा. दवबिंदू २४ असेल तर ढगाकडे माल भरपूर. (हवा १ अंशाने तापली की बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते.) त्यात वरच्या थरांतला वारा मंद असला की ढग जागच्या जागी रिता होतो. किंवा एकामागून एक ढग त्याच वाटेने जातात, ते तर आणखी वाईट. हे सगळं जुळलेलं असताना ‘प्रदेशात कुठेही’ हेच प्रामाणिक उत्तर. नेमकी जागा रडार दाखवतं, फार तर तास-दोन तास आधी.

शंकासुर:
मग तास-दोन तास आधीच सांगा की! सकाळपासून कशाला घाबरवायचं?

ओढ्याकाठी:
कारण लहान ओढ्याला तेवढाही वेळ लागत नाही. हिशेब करा. १ चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर. १० चौरस किमी पाणलोटावर (जिथलं पाणी या ओढ्यात उतरतं ते क्षेत्र) ५० मिमी पडला, म्हणजे ५ लाख घनमीटर. निम्मं मुरलं असं धरा. उरलेलं दोन तासांत उतरलं तरी सरासरी सेकंदाला ३५ घनमीटर, तेही सकाळी कोरड्या असलेल्या पात्रातून! खडकाळ, उताराच्या पाणलोटात लोंढा अर्ध्या-पाऊण तासात खाली येतो. पाऊस वर पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं. ‘आमच्याकडे थेंब नाही’ हा पुरावाच नव्हे.

‘तापलेली जमीन पाणी पिते’ हेही अर्धंच खरं. भेगाळलेली चिकणमाती सुरुवातीला पिते. पापुद्रा धरलेली किंवा तुडवलेली जमीन आणि डांबर जवळजवळ काहीच पीत नाही. शिवाय पहिला पाऊस उन्हाळाभराचा पाला-कचरा घेऊन येतो. रस्त्याखालून ओढा जाणाऱ्या मोरीचं तोंड चोंदतं, पाणी रस्त्याच्या भरावामागे तुंबतं, भराव फुटला की एकदम सुटतं. म्हणून मोरीची वरची बाजू आधीच साफ हवी.

सकाळच्या इशाऱ्याचा उपयोग इतकाच: पात्रात मुक्काम नको, गाडी नको, पंप वर काढून ठेवा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहू लागल्या, वरून घरघर ऐकू आली की पात्रातून प्रवाहाच्या दिशेने पळू नका, बाजूच्या चढावर जा. जोरात वाहणारं १५ सेंमी पाणी माणसाचे पाय उचलतं, ३० सेंमीमध्ये लहान गाडी तरंगू लागते, ६० सेंमीमध्ये बहुतेक गाड्या जातात.

उकाडा:
‘ऊन सगळ्यांवर सारखं’ याला माझी हरकत. कौलारू छपराखाली राबणारा आणि पत्र्याखाली राबणारा सारखे कसे? दुसरं, सर येऊन गेली की उष्णतेचा इशारा संपला असं समजतात. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे अंगाला जवळपास ४१ अंशांची तलखी, कारण घाम सुकतच नाही. वादळाने वीज गेली की पंखेही बंद. आणि आकाशातल्या विजेसाठी पाऊस डोक्यावर यावा लागत नाही, ती सरीपासून १०-१५ किमीवरही पडते. लखलखाट ते गडगडाट, दर ३ सेकंदांना १ किमी. ३० सेकंदांच्या आत ऐकू आलं की पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

शंकासुर:
पाणलोटाचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकलो. पण उष्णता, वीज, पूर तिघांनाही तोच ‘शक्यता’ शब्द का? प्रत्येकाचा वेगळा आकडा द्या.

रडारप्रेमी:
पुराची शक्यता १० टक्के म्हटलं तर लोक ९० टक्के सुरक्षित असं वाचतील.

शंकासुर:
वाचू देत. तेवढ्या भरवशावर छत्री घरी ठेवता येते, पात्रात तंबू ठोकता येत नाही. एवढं लोकांना कळतं.