पुन्हा: पुन्हा: चषकावर नाव कोणाचं? (गुरुवार दुपारच्या आत कळवा)

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,
फिरत्या चषकांवरची नावं गुरुवारी दुपारी बारापर्यंत कोरणाऱ्याकडे द्यायची आहेत. चार नावं तयार आहेत. १० ते १२ वयोगट, ८० मीटर, तेवढं राहिलंय. नाना, नाव पाठवा. एकदा कोरलं की बदलायला नवी पट्टी घ्यावी लागते. मागच्या वर्षी एका वेलांटीपायी किती गेले ते सगळ्यांना आठवत असेल.

---

प्रेषक: नाना, क्रीडा समिती
मंगळवार, सकाळी १०:०५

लेन तीन. पंचांचा निर्णय मैदानावरच झाला आहे. व्हिडिओही आहे. विषय संपला.

---

प्रेषक: ताई (लेन चारची आई)
मंगळवार, दुपारी १:४०

नाना, तुमच्याबद्दल आदर आहे, पण विषय संपलेला नाही. शेजारच्या मैदानावरचा फुटबॉल आला तो माझ्या मुलीच्या पायात. ती अडखळली म्हणून तुम्ही शिट्टी वाजवलीत. आणि पुन्हा पळवलं ते पुढच्या तिघांनाच! "सहाला मैदान सोडायचंय" म्हणून चार, पाच आणि सहा लेनची पोरं कडेला उभी. जिच्यासाठी शर्यत थांबली, तिलाच बसवलंत. घरी आल्यावर तिने बूटसुद्धा काढले नाहीत, तशीच सोफ्यावर बसून होती.

---

प्रेषक: बापू
मंगळवार, रात्री ८:३०

ताईंशी शंभर टक्के सहमत. १२ डिसेंबर २०२१ ला अबू धाबीच्या यास मरीना ट्रॅकवर फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या हंगामातली शेवटची शर्यत झाली, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन दोघांचे हंगामाचे गुण सारखे, ३६९.५, म्हणजे पुढे येईल तो विश्वविजेता. ५८ फेऱ्यांची शर्यत, ५३व्या फेरीत लतीफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्या मागे हळू चालायचं, ओव्हरटेक नाही. मॅक्सने आत जाऊन नवे, जास्त वेगाचे मऊ टायर घातले, पुढे असलेला हॅमिल्टन जुन्या कडक टायरांवरच राहिला. फेरीने मागे पडलेल्या आठ गाड्या होत्या. रेस डायरेक्टर मासीने त्यातल्या या दोघांच्या मधल्या पाचच पुढे जाऊ दिल्या आणि एक फेरी उरली असताना शर्यत खुली केली. पाचव्या वळणावर मॅक्स आत घुसला, तिथेच सगळं संपलं. पुढे एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या अहवालाने ही मानवी चूक असल्याचं मान्य केलं, नियमातली शब्दरचनाही बदलली. निकाल मात्र तोच राहिला.

सगळे या दोघांबद्दलच बोलतात. पण तिसरा आलेल्या साइन्झच्या पुढे त्या उरलेल्या गाड्यांपैकी दोन तशाच होत्या, त्याला मॅक्सपर्यंत जायला वाटच नव्हती. ताई, तुमची मुलगी साइन्झच्या जागी आहे.

आणि लेन दोनचा मुलगा? त्याला शिट्टी ऐकू आली नाही. तो पूर्ण ८० मीटर पळून गेला, बाकीचे निम्म्यात थांबले. पाच मिनिटांत त्याला पुन्हा उभं केलं. जुने टायर म्हणजे हेच.

---

प्रेषक: वहिनी
मंगळवार, रात्री ९:१५

बापूभाऊजी, दरवेळी अबू धाबी आणता, पण मॅक्सची यात काय चूक? त्या हंगामात त्याने दहा शर्यती जिंकल्या, हॅमिल्टनने आठ. आणि त्या ३६९.५ मधला अर्धा गुण आला कुठून? त्याच वर्षी बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर पावसात सेफ्टी कारच्या मागे फेऱ्या मारल्या आणि अर्धे गुण वाटले. तेव्हा तिकीट काढून दिवसभर भिजलेल्यांना काय मिळालं? अन्याय मोजायचा तर पूर्ण हंगामाचा मोजा.

---

प्रेषक: अप्पा
बुधवार, सकाळी ६:५०

मी जुन्नरकडचा. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, एकेक बारी (एका गाड्याची धाव) सुटते, पुढे घोडी, मागे बैल, आणि सेकंद मोजायला घड्याळवाला वेगळा, झेंडा पाडणारा वेगळा. एकच माणूस दोन्ही कामं करत नाही, कारण घाटाच्या दोन्ही अंगांना गावं उभी असतात आणि अर्ध्या सेकंदावर घाटाचा राजा ठरतो. कोर्टाच्या बंदीत शर्यती किती वर्षं थांबल्या, मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला तेव्हा गावात पेढे वाटले. सांगायचं ते हे की आपल्याकडे शिट्टी, घड्याळ आणि रिबीन तिन्ही नानांच्याच हातात होती. एकट्या माणसावर एवढं टाकणं ही आपल्या सगळ्यांची चूक आहे.

---

प्रेषक: सोनू (व्हिडिओवाला)
बुधवार, सकाळी ११:२०

काका, माझा व्हिडिओ पुरावा म्हणून धरू नका, प्लीज. मी रिबिनीच्या रेषेत नव्हतो, पाण्याच्या टेबलाजवळ उभा होतो. तिथून तिरकं दिसतं, जवळच्या लेनचा पुढे वाटतो. आणि फोन सेकंदाला तीसच चित्रं घेतो. पोरं १४ सेकंदांत ८० मीटर पळतात, म्हणजे एका चित्रातून पुढच्या चित्रात वीतभर सरकतात. लेन दोन आणि तीनमधला फरक त्याहून कमी आहे. शिवाय आपण हात बघतोय. नियमात धड मोजतात. डोकं, हात, पाय धरत नाहीत. पॅरिस ऑलिंपिकच्या १०० मीटर फायनलला लाइल्स ९.७८४ सेकंद आणि थॉम्पसन ९.७८९, तिथे बरोब्बर रेषेत कॅमेरा होता म्हणून निकाल लागला.

---

प्रेषक: नाना, क्रीडा समिती
बुधवार, दुपारी ३:३०

तेरा वर्षं मी मैदान आखतोय. त्या दिवशी पहाटे पाचला चुना टाकायला कोण आलं होतं ते आठवा. मी कोणाची बाजू घेतलेली नाही.

पण सोनूचा मेल दोनदा वाचला. १९८४ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकची पी. टी. उषाची ४०० मीटर अडथळ्यांची फायनल मी वडिलांबरोबर रेडिओला कान लावून ऐकली होती. आधी एकीची सुरुवात चुकली म्हणून शर्यत पुन्हा सुटली. उषा चौथी, ५५.४२ सेकंद, तिसरी ५५.४१. वडील म्हणाले, पहिली सुरुवात हिची झकास झाली होती. पुन्हा सुटलेल्या शर्यतीत कोणाचं काय जातं हे मला माहीत असायला हवं होतं. लेन तीनचं नाव तूर्त कोरू नका.

---

प्रेषक: वहिनी
बुधवार, दुपारी ४:०२

मग दोन आणि तीन, दोघांची नावं घाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये बर्शिम आणि ताम्बेरीने उंच उडीचं सुवर्ण वाटून घेतलंच की.

---

प्रेषक: ताई
बुधवार, दुपारी ४:१०

वहिनी, ते दोघं पूर्ण स्पर्धा खेळून बरोबरीत आले आणि त्यांनी स्वतः ठरवलं. इथे तिघं पळालेच नाहीत. मला चषक नको आहे. सहाही पोरं एकदा पळू देत, माझी शेवटची आली तरी चालेल.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री १०:४५

कोरणाऱ्याशी बोललो. चार नावं उद्या देतो, पाचवी पट्टी कोरी ठेवतो, पुढच्या आठवड्यात तो घेईल. शनिवारी साडेचारला मैदान तासभर मिळतंय. शेजारी फुटबॉलवाले असणारच, त्यामुळे त्या बाजूला दोन मोठी माणसं उभी करा. अप्पा घड्याळ, बापू रिबीन, नाना शिट्टी. सोनू, रेषेत उभा राहा, स्टँड घेऊन ये. लेन दोनच्या बाबांचं उत्तर अजून आलेलं नाही, कोणीतरी फोन करा. आणि चुन्याची उरलेली दोन पोती माझ्या डिकीत आहेत, त्यातलं एक फुटलंय.