मदत हवी आहे : सांगलीत मिळणारी आयात आणि क्राफ्ट बिअर ताजी की शिळी, हे ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी,

सांगली-मिरज भागात आम्हा काही मित्रांचा, बिअर आवडीने आणि लक्षपूर्वक चाखणारा एक छोटा गट आहे. सर्वांकडे पिण्याचे परवाने आहेत, बैठक कोणाच्या तरी घरी होते आणि परतताना गाडी न पिणारा चालवतो. गेल्या काही बैठकांपासून आमची मते इतकी टोकाला जाऊ लागली आहेत की, आपण बिअरविषयी बोलत आहोत की बाटलीच्या प्रवासाविषयी, हेच कळेनासे झाले आहे. बेल्जियन पद्धतीची गव्हाची एक बिअर आमच्यातल्या एकाने मुंबईत घेतली, तेव्हा तिला धण्याचा आणि संत्र्याच्या सालीचा स्वच्छ सुवास होता. त्याच नावाची बाटली इथे उघडली, तर आधी मधासारखा गोडसरपणा आणि मागाहून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली. मुंबईची बाटली न प्यायलेल्या मित्राने साहजिकच तिला एका वाक्यात निकालात काढले आणि तो प्रकार पुन्हा घ्यायचा नाही असे ठरवून टाकले.

मला हे मनाला लागते, कारण यात बिअर बनवणाऱ्यावर अन्याय होतो आणि आपली स्वतःची चवही चुकीच्या गोष्टीवर घडत जाते. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. इथल्या बहुतेक बिअर शॉपींचा फ्रीज खपाच्या स्ट्राँग बिअरने भरलेला असतो आणि महागड्या परदेशी बाटल्या, दिसायला चांगल्या म्हणून, समोरच्या काचेच्या फळीवर उभ्या असतात. अलीकडे अशीच एक हिरवी बाटली मी हातात घेऊन नीट पाहिली. दुकानाचे तोंड पश्चिमेला, फळीवर उतरते ऊन, बाटलीच्या खांद्यावर धुळीचा पातळ थर, आणि कारखान्याने छापलेल्या तारखेवर नेमके आयातदाराचे स्टिकर चिकटवलेले. त्यावर एमआरपी होती, आयातीचा महिना होता, पण बिअर भरली केव्हा हे काही केल्या दिसत नव्हते.

आमच्या भागात शेतमालाशी संबंध असलेल्या कोणालाही हे नवे नाही. तासगावचा बेदाणा शीतगृहात राहिला तर त्याचा हिरवट-पिवळा रंग टिकतो आणि बाहेर उष्म्यात पडला तर काळवंडतो, म्हणून कोणी बेदाणा उघड्या फळीवर वर्षभर ठेवत नाही. मात्र चारशे-पाचशे रुपयांची बिअर आपण तशी ठेवलेली चालवून घेतो.

जाणकारांकडून मला हे समजून घ्यायचे आहे की, शिळेपणाची चव आणि त्या बिअरची मुळातली चव यांतला फरक साध्या माणसाने कसा ओळखावा. आपल्या हवेत कोणत्या प्रकारच्या बिअर प्रवास आणि साठवण त्यातल्या त्यात सोसतात. आणि दुकानदाराशी या विषयावर बोलावे तर काय बोलावे. केवळ नावांची यादी नको आहे. एखाद्या बिअरविषयी मत देताना ती कुठे, कशी ठेवलेली आणि किती जुनी होती हे सांगितले, तरच ते मत आम्हाला उपयोगी पडेल.

प्रतिसाद : पुण्याहून

आपला प्रश्न योग्य आहे. मी काही वर्षे एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे छोट्या बिअर-कारखान्यात, काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

बिअर प्रामुख्याने दोन कारणांनी बिघडते आणि त्या दोन्हींची चव वेगळी असते. पहिले कारण प्रकाश. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुले, यांमधून उतरलेली कडू द्रव्ये आणि बिअरमधले ब-२ जीवनसत्त्व यांवर ऊन पडले की गंधकयुक्त संयुग तयार होते आणि जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेत भर उन्हात हे काही मिनिटांत घडू शकते, तपकिरी काच बराच बचाव करते आणि कॅनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरे कारण ऑक्सिजन आणि उष्णता. भरताना राहिलेला किंवा झाकणातून हळूहळू शिरलेला थोडासा ऑक्सिजन पुरेसा होतो. त्यामुळे हॉप्सचा सुवास आधी जातो, मग मध किंवा टॉफीसारखा गोडसरपणा वर येतो आणि शेवटी आपण लिहिलेली ओल्या पुठ्ठ्याची चव येते. या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात : ३ अंश सेल्सिअसला ३०० दिवसांत बिअर जेवढी शिळी होते, तेवढी २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३२ अंशांना अवघ्या ३ दिवसांत होते. हा हिशेब प्रत्येक बिअरला तंतोतंत लागू पडत नाही, परंतु सांगलीच्या मे महिन्यात ट्रकमध्ये आणि फळीवर काय होत असेल याची त्यातून कल्पना यावी.

ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बिघडलेली चव स्वतः, जाणूनबुजून तयार करून पाहणे. एकाच बॅचच्या साध्या माइल्ड लागरच्या, म्हणजे नेहमीच्या फिकट, हलक्या बिअरच्या, तीन बाटल्या घ्या. शक्य असल्यास हिरव्या काचेच्या. एक फ्रीजमध्ये ठेवा. दुसरी कापडात गुंडाळून माळ्यावर महिनाभर राहू द्या. तिसरी फ्रीजमध्येच ठेवून चाखण्याच्या दिवशी तासभर उन्हात ठेवा. मग तिन्ही सारख्या गार करा, दुसऱ्या कोणाला तरी खुणा केलेल्या ग्लासांत ओतायला सांगा आणि आधी फक्त वास घ्या. लागर यासाठी उत्तम, कारण तिच्यात दोष लपवायला जागा नसते. हा प्रयोग एकदा केला की परदेशी बाटली उघडल्यावर आपले नाक आपोआप सांगू लागते.

ग्लासाविषयी एक सूचना. आपल्याकडे ग्लास इतर भांड्यांबरोबर त्याच घासणीने घासले जातात आणि त्यावर तेलाचा न दिसणारा थर राहतो. फेस लगेच बसला आणि बुडबुडे ग्लासाच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले, तर दोष बिअरचा नसून ग्लासाचा आहे असे समजावे. बिअरचे ग्लास वेगळ्या घासणीने धुवावेत, निथळू द्यावेत आणि फ्रीझरमध्ये ठेवू नयेत, कारण फार गार बिअरचा वास बंद होतो आणि मग चांगली-वाईट सगळी सारखीच लागते.

प्रतिसाद : मिरजेहून

वरील माहितीत एक भर घालतो. परदेशी नाव आणि आयात केलेली बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायनेकेन, कार्ल्सबर्ग, बडवायझर ही नावे परदेशी असली तरी आपल्या दुकानांत दिसणाऱ्या त्यांच्या बाटल्या साधारणपणे भारतातच बनवलेल्या असतात, त्यामुळे त्या तुलनेने ताज्या मिळतात. बिरा ९१ या भारतीय नावाचे उलटे झाले : २०१५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा बेल्जियममध्ये बनवून आणली जात होती, पुढे इथे बनू लागली. म्हणून लेबलावरील नावापेक्षा ती कुठे बनली ही बारीक अक्षरांतली ओळ आधी वाचावी. भारतीय बाटलीवर उत्पादनाची तारीख असते आणि बहुधा तिथून सहा महिन्यांची मुदत दिलेली असते. मी स्वतः दोन महिन्यांपेक्षा जुनी बाटली परत फळीवर ठेवतो.

प्रतिसाद : साताऱ्याहून

आमच्याकडे हवा थोडी सौम्य असली तरी अडचण हीच आहे, म्हणून मी प्रकारांवर लिहिते.

इंडिया पेल एल, म्हणजे ज्या बिअरचे सारे वैभव हॉप्सच्या वासात आहे, ती आयात केलेली आणि फळीवरची असेल तर मी घेतच नाही. ती बिअर ताजी असतानाच अर्थपूर्ण असते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून तिथे ताज्या बिअरची जी जाण वाढली आहे तिचा फायदा घ्यावा आणि हा प्रकार पुण्याला जाऊन नळावरचाच प्यावा. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअरही नाजूकच. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात हा प्रकार १९५७ मध्ये बंद पडला होता आणि पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये तो पुन्हा सुरू केला. तिचा जीव धणे आणि संत्र्याच्या सालीच्या सुगंधात आहे आणि तो सुगंध उष्णतेत सर्वांत आधी उडतो. आपल्या मित्राने नाकारलेली बाटली अशीच उतरलेली असणार, याविषयी मला फारशी शंका नाही.

जर्मन गव्हाच्या बिअरविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. एर्डिंगर किंवा वायहेनस्टेफानच्या बाटलीत तळाला यीस्टचा साका असतो आणि हे यीस्ट काही प्रमाणात ऑक्सिजन शोषून घेते, त्यामुळे थंड ठेवलेली बाटली बऱ्यापैकी टिकते. मात्र ती फार काळ उष्म्यात राहिली की तेच यीस्ट मरून फुटते आणि सोया सॉससारखी खारट-मांसल छटा येते. केळ्याचा आणि लवंगेचा वास स्पष्ट आला तर बाटली चांगली समजावी. ओतताना शेवटचे दोन बोटे द्रव बाटलीतच ठेवून ते गोल फिरवावे आणि मग साक्यासकट ग्लासात घ्यावे. साका वाईट समजून मोरीत ओतणारी माणसे मी पाहिली आहेत आणि दर वेळी हळहळले आहे.

प्रवास सर्वांत चांगला सोसतात त्या गडद आणि जास्त अल्कोहोलच्या, बाटलीत पुन्हा आंबवलेल्या बेल्जियन बिअर. शिमे हे याचे चांगले उदाहरण. बेल्जियममधल्या त्याच नावाच्या गावाजवळच्या मठात १८६२ पासून बिअर बनते आणि त्यांची ९ टक्क्यांची निळ्या लेबलाची बिअर लोक मुद्दाम काही वर्षे तळघरात ठेवतात, कारण तिच्यात ऑक्सिजनमुळे येणारी छटा सुक्या अंजिरा-मनुकांच्या चवीत मिसळून जाते. अर्थात तळघर म्हणजे दहा-बारा अंशांची जागा, पत्र्याखालचे गोदाम नव्हे. ती दहा-बारा अंशांनाच प्यावी. बर्फगार करून ती वाया घालवू नये. गिनेस या आयरिश काळ्या बिअरचा कॅनही इकडे सुरक्षित पर्याय वाटतो. त्याला प्रकाश लागत नाही आणि भाजलेल्या जवाची चव किरकोळ शिळेपणा झाकून घेते.

सांगलीकर आहात म्हणून भडंगाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. लसूण-मिरचीच्या भडंगाबरोबर कडू हॉप्सची किंवा स्ट्राँग बिअर घेतली की कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाचा जाळ वाढवतात आणि बिअरची बारीक चव हरवते. गव्हाची मऊ बिअर त्याच भडंगाबरोबर अतिशय छान लागते. परंतु मत बनवण्यासाठी चाखत असाल तेव्हा पहिले काही घोट चखण्याशिवायच घ्यावेत.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तीन बाटल्यांचा प्रयोग आम्ही नक्की करणार आहोत आणि चाखताना प्रत्येकाने नावाआधी तारीख, काचेचा रंग व दुकानातली जागा लिहायची असे ठरवतो आहोत. गव्हाच्या त्या बिअरला, थंड ठेवलेली बाटली मिळाल्यावर, पुन्हा संधी देण्यास नापसंती दर्शवणारा मित्रही तयार झाला आहे.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. स्टिकरखाली दडलेली तारीख कशी शोधावी? आणि दुकानदाराला फ्रीजमधली जागा मागावी तर त्याला त्यात काय लाभ? खपाचा माल बाजूला सारून तो आपल्या दोन बाटल्या का गार ठेवील?

प्रतिसाद : पुण्याहून

तारीख फक्त मागच्या लेबलावरच असते असे नाही. बाटलीच्या खांद्यावर किंवा मानेवर लेझरने उमटवलेले बारीक ठिपक्यांचे आकडे असतात, ते बाटली तिरपी धरून उजेडात पाहावेत. कॅनच्या बुडाशी पाहावे. युरोपीय बाटलीवर दिवस आधी आणि महिना नंतर असतो, अमेरिकी बाटलीवर अनेकदा याच्या उलट. त्यामुळे ०३.०७ असे दिसले तर बाटलीचा देश पाहूनच अर्थ लावावा. अनेक ठिकाणी फक्त मुदत संपण्याचा दिवस असतो. मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर बाटलीने बहुतेक आयुष्य बोटीत, गोदामात आणि फळीवर काढले आहे हे उघड आहे. तारीख कुठेच सापडली नाही, तर ती बाटली घेऊ नये.

दुकानदाराकडे फ्रीजमधली जागा मागू नका, खात्रीचे गिऱ्हाईक द्या. सुट्या बाटल्या मागण्याऐवजी आपल्या गटाने महिन्यातून एकदा एकत्र मागणी नोंदवावी, माल ज्या दिवशी येईल त्याच दिवशी उचलावा आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेवावा. माल फळीवर चढलाच नाही तर अर्धा प्रश्न सुटतो. त्याचे भांडवल अडकत नाही, म्हणून त्यालाही ते परवडते. पुण्याहून गाडीने आणणार असाल तर परवान्याच्या मर्यादेत, पावतीसह, जाड खोक्यात बर्फाच्या पिशव्या घालून आणि शक्यतो रात्री आणा. गोव्याहून मात्र स्वस्त मिळते म्हणून आणू नका. परराज्यातली दारू वेगळ्या परवानगीशिवाय इथे आणणे हा गुन्हा आहे.

धागाकर्ता

एकत्र मागणीची कल्पना इथल्या एका दुकानदाराशी आजच बोललो. गटाने निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, या अटीवर तो तयार आहे. पहिल्या मागणीत जर्मन गव्हाची बिअर, बेल्जियन गव्हाची बिअर आणि मिळाल्यास शिमे, एवढेच ठेवतो आहोत. कोल्हापूर, कराड किंवा इस्लामपूर भागात परदेशी बाटल्या मुळातच फ्रीजमध्ये ठेवणारे दुकान कोणाच्या पाहण्यात असेल, तर कृपया गाव आणि पेठ कळवावी, म्हणजे त्याच बॅचची थंड ठेवलेली बाटली आम्हाला शेजारी ठेवून चाखता येईल.